माझ्या चुकीला 'सत्य' म्हणू नका : वैद्यकीय प्रतिमा-संशोधनाच्या संपादकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय संपादक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

छातीचा एक एक्स-रे गेली अकरा वर्षं मी विद्यार्थ्यांना दाखवते आहे. डावीकडची सातवी बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली, त्यामुळे ती फिल्म शेकडो फिल्म्समध्येही ओळखू येते. मी ती दाखवते ते मात्र बरगडीसाठी नाही. हृदयाच्या सावलीआड, मणक्याला लागून, दीड सेंटिमीटरची एक गाठ तिच्यात आहे. रिपोर्ट माझाच होता : 'फुप्फुसांत सक्रिय विकृती दिसत नाही.' आठ महिन्यांनी सीटी झाला तेव्हा ती गाठ चार सेंटिमीटरची झाली होती. जुनी फिल्म काढून पुन्हा पाहिली. एकदा गाठ दिसल्यावर ती आधी कशी दिसली नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

गेल्या वर्षी तीच फिल्म मला एका सार्वजनिक डेटासेटमध्ये, म्हणजे फिल्म आणि त्यांच्या नोंदींच्या खुल्या संग्रहात, भेटली. नाव, वय, तारीख पुसलेली, बरगडी तीच. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या एआय प्रणाली शिकवायला आणि तपासायला ठिकठिकाणचे संशोधक तो डेटासेट वापरतात. फिल्मसमोरच्या रकान्यात नोंद होती : 'काहीही आढळले नाही'. माझ्या रिपोर्टमधून संगणकाने उचललेलं लेबल. म्हणजे उद्या एखाद्या यंत्राने ती गाठ बरोबर टिपली, तर तुमच्याकडे छापल्या जाणाऱ्या तक्त्यात ती त्या यंत्राची चूक म्हणून मोजली जाईल. ज्या यंत्राला माझ्यासारखीच ती दिसणार नाही, त्याला गुण मिळेल.

डेटासेट तयार करणाऱ्यांना मी लिहिलं, उत्तर आलं नाही. त्यावर बेतलेला एक निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. नैतिक समितीची परवानगी घेऊन, रुग्णाची ओळख न देता, सीटी आणि बायोप्सीचा तपशील सोबत जोडला. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर मिळालं : लेबलांमधील त्रुटी ही सर्वज्ञात मर्यादा आहे, तिच्यामुळे निबंधाच्या पद्धतीविषयक योगदानाला बाधा येत नाही, सबब पत्र प्रसिद्ध करता येत नाही. त्या नियतकालिकाचं नाव मी घेत नाही. इतर कुठूनही हेच उत्तर आलं असतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हा सर्वांना आहे.

मी सव्वीस वर्षं फिल्म वाचते आहे. सुरुवात व्ह्यू बॉक्सवर ओल्या फिल्म लावून झाली, आता समोर तीन मॉनिटर असतात. नोकरी जाईल या भीतीने मी लिहीत नाही. रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्रं आमच्यापेक्षा सरस ठरतील, असं एआय-संशोधक जेफ्री हिंटन २०१६ साली जाहीरपणे म्हणाले होते. ते ऐकून मला राग आला नव्हता. उलट हृदयामागे पाहणारा, पहाटे चार वाजताही न थकणारा जोडीदार मला हवाच आहे. २०१३ मध्ये एका प्रयोगात छातीच्या सीटीच्या चित्रांत सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र मुद्दाम घातलं होतं. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना ते दिसलंच नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर नेमक्या त्या जागेवरून गेली होती. आमचे डोळे असे आहेत, हे मी लपवत नाही. म्हणून तर विचारते : याच डोळ्यांनी घाईत लिहिलेला रिपोर्ट तुमच्या निबंधांत 'ग्राउंड ट्रुथ', म्हणजे यंत्राचं उत्तर ज्याच्याशी ताडायचं ते खरं उत्तर, कसा होतो?

रिपोर्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण बाकी सगळ्या तक्रारी त्यातूनच निघतात. रिपोर्ट हे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं उत्तर असतं. तिकडून प्रश्न येतो, 'नळी जागेवर आहे का?' मी लिहिते, 'नळीचं टोक योग्य जागी. बाकी कालच्या तुलनेत बदल नाही.' त्या फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना पाणी साचलेलं असू शकतं. काल ते लिहून झालं होतं, परवाही झालं होतं, म्हणून आज लिहिलं नाही. शब्द शोधणाऱ्या संगणकाला त्या रिपोर्टमध्ये 'पाणी' हा शब्द सापडत नाही आणि त्या फिल्मच्या रकान्यात शून्य पडतं. मी न लिहिलेली गोष्ट आणि फुप्फुसात नसलेली गोष्ट एकच होऊन जाते.

आणि आमचे ते सावध शब्द! 'न्यूमोनिया नाकारता येत नाही.' 'लक्षणांशी ताडून पाहावे.' ही पळवाट नसते. एक्स-रेवर दिसतो तो पांढरा डाग. तो पू आहे, पाणी आहे, रक्त आहे की आक्रसलेलं फुप्फुस, हे ताप, खोकला, रक्ताचा अहवाल आणि पेशंटला तपासणारा हात मिळून ठरवतात. न्यूमोनिया हे निदान एकट्या फिल्मवर होत नाही. माझ्या वाक्यातला तो 'कदाचित' हीच त्यातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट असते, आणि एक-शून्याच्या तक्त्यात पहिल्यांदा तोच गळून पडतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये खुला केलेला चेस्ट-एक्सरे-१४ हा डेटासेट तुम्हाला परिचित आहे : ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० एक्स-रे आणि १४ विकृतींची लेबलं. ही लेबलं रिपोर्टच्या मजकुरातून संगणकाने काढलेली आहेत, फिल्म पाहून कुणी दिलेली नाहीत. मूळ रिपोर्ट खुले नसल्याने पडताळणार तरी कशाशी? तो डेटासेट खुला करणं मोठ्या मनाचं काम होतं, असं मी मानते. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यावर शिकलेल्या एका प्रणालीची 'रेडिओलॉजिस्टच्या तोडीची' म्हणून घोषणा झाली. तुलना होती चार रेडिओलॉजिस्ट आणि ४२० फिल्म्सची. पेशंटची माहिती नाही, जुनी फिल्म नाही. रोजच्या कामात या दोन गोष्टींशिवाय मी मत देत नाही. २०१९ च्या चेक्सपर्ट या डेटासेटने निदान 'अनिश्चित' असं तिसरं लेबल ठेवलं. आमच्या 'कदाचित'ला तिथे जागा मिळाली, याचा मला खरोखर आनंद झाला.

दुसरी तक्रार अशी की यंत्र नेमकं काय शिकलं, हे न विचारता तुम्ही निबंध स्वीकारता. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साचणं, यात वेळ दवडला तर जीव जातो. ल्यूक ओकडेन-रेनर हे रेडिओलॉजिस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी चेस्ट-एक्सरे-१४ मधल्या न्यूमोथोरॅक्सच्या फिल्म स्वतः डोळ्यांखालून घातल्या. बहुतेक फिल्म्समध्ये साचलेली हवा काढणारी नळी छातीत आधीच घातलेली होती. म्हणजे निदान झालेलं, उपचार सुरू झालेले. प्रणालीचे गुण वेगळे काढले तेव्हा नळी असलेल्या फिल्म्सवर ०.९४ आणि नळी नसलेल्यांवर ०.७७ असा फरक निघाला. (या मापात १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणं उडवणं.) ज्याला यंत्राची गरज आहे तो नळी नसलेला पेशंट, आणि त्याच्याच बाबतीत ते कच्चं. सगळ्यांची मिळून एकच सरासरी छापली असती तर हे कुणाला कळलंही नसतं. हे शोधायला लागलं काय, तर फिल्म पाहता येणारा एक माणूस आणि त्याची काही दिवसांची चिकाटी. तुमच्या परीक्षकांपैकी किती जण निबंधातल्या पन्नास फिल्म तरी उघडून पाहतात?

२०१८ मध्ये आणखी एक अभ्यास आला. न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली जिथे शिकली त्या रुग्णालयांच्या फिल्म्सवर चांगली चालली, बाहेरच्या फिल्म्सवर बहुतेक वेळा घसरली. फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे हे मात्र तिला जवळजवळ बिनचूक सांगता येत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त, दुसऱ्यात कमी, तेव्हा रुग्णालय ओळखलं की अर्धं उत्तर हाती आलं. फिरत्या एक्स-रे यंत्रावर, पेशंटला खाटेवरच ठेवून काढलेली फिल्म कशी दिसते हे आम्हाला ठाऊक आहे. तसा पेशंट जास्त आजारी असतो, हे यंत्रही शिकतं. त्याला रोगाकडे पाहावंच लागत नाही.

या सगळ्याचा कळस कोविडच्या काळात झाला. जानेवारी ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढ्या २०२० मधल्या काळातल्या २,२१२ अभ्यासांचा एका गटाने आढावा घेतला आणि तो २०२१ मध्ये 'नेचर मशीन इंटेलिजन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या चाळणीत ४१५ उरले, गुणवत्तेच्या चाळणीत ६२. पेशंटसाठी वापरण्याजोगी प्रणाली त्यांत एकही नव्हती. कित्येकांनी कोविड नसलेल्यांच्या म्हणून ज्या फिल्म वापरल्या, त्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या होत्या आणि कोविडच्या फिल्म प्रौढांच्या. यंत्र मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकलं. लहान मुलाची छाती प्रौढाच्या छातीपेक्षा किती निराळी दिसते, हे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टरही सांगू शकतो. त्या महिन्यांत मी दिवसाला शेकडो छात्या वाचत होते. मदतीच्या आशेने तुमचे निबंध रात्री घरी बसून वाचत होते. ती आशा कशी विरत गेली, हे मला इथे नीट सांगताही येणार नाही.

आकड्यांबद्दलही माझं भांडण आहे. समजा एखादी प्रणाली १०० आजारी माणसांपैकी ९५ ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी १० जणांना चुकून आजारी म्हणते. निबंधात निम्मे आजारी, निम्मे निरोगी घेतलेले असतात. २०० जणांत १०५ वेळा घंटा वाजली, त्यांतल्या ९५ खऱ्या. वाचणारा खूश होतो. आता हीच प्रणाली चाळणी तपासणीत, म्हणजे लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीत, लावा, जिथे १०० जणांत एकच आजारी आहे. १०,००० जणांत आजारी १००, त्यांतले ९५ सापडले. निरोगी ९,९००, त्यांतल्या ९९० जणांसाठीही घंटा वाजली. एकूण १,०८५ घंटा आणि त्यांतल्या खऱ्या ९५, म्हणजे अकरा-बारांत एक. उरलेल्या ९९० जणांचे सीटी, सुया, रात्रीची उडालेली झोप हे कोणत्या तक्त्यात येतं? गुणाकार-भागाकाराचा हा हिशेब लेखकाकडून सक्तीने मागायला नवं शास्त्र लागत नाही.

आणि चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मधल्या अभ्यासात अमेरिकेतल्या मोठ्या डेटासेटवर शिकलेल्या प्रणाली तपासल्या गेल्या. आजारी माणसाला 'काहीही आढळले नाही' म्हणण्याची चूक स्त्रिया, कृष्णवर्णीय, तरुण आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांबाबत जास्त होत होती. तेच लेबल, जे माझ्या फिल्मसमोर आहे.

'अंतिम निर्णय डॉक्टरचाच असेल.' प्रत्येक निबंधाच्या शेवटी हे वाक्य असतं आणि तुम्ही ते पुरेसं मानता. २०२३ मध्ये 'रेडिओलॉजी'त आलेल्या प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टांना ५० मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) दिले आणि काही ठिकाणी यंत्राचं मत म्हणून मुद्दाम चुकीचं उत्तर दाखवलं. यंत्र बरोबर असताना सगळ्यांचीच सुमारे ८० टक्के उत्तरं बरोबर आली. यंत्र चुकलं तेव्हा कमी अनुभवींची सुमारे २० टक्क्यांवर घसरली आणि सर्वांत अनुभवींची सुमारे ४५ टक्क्यांवर. मी अनुभवींत मोडते. दोनशेवी फिल्म उघडताना कोपऱ्यात हिरवी खूण दिसली की माझा हात माउसकडे किती लवकर जातो, हे मी स्वतःवर पाहिलं आहे. त्या खुणेची जबाबदारी माझ्या एकटीच्या सहीवर टाकू नका.

यातून आपण एकदा गेलो आहोत. मॅमोग्राफीवर खुणा करणाऱ्या संगणकाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि तो झपाट्याने पसरला. २००७ मध्ये ४३ केंद्रांच्या अभ्यासात दिसलं की तो आल्यावर अचूकता घटली आणि बायोप्सी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या. २०१५ मध्ये तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून पुन्हा तेच : निदानात सुधारणा नाही. मान्यता आणि हा निष्कर्ष यांच्यात १७ वर्षं गेली.

नीट काम होऊ शकतं, म्हणूनच माझा हट्ट आहे. स्वीडनमधल्या मसाई या स्तनाच्या कर्करोगाच्या चाळणीवरील चाचणीत ८०,०३३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. २०२३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त पहिले निष्कर्ष आले : एआयच्या मदतीने दर हजारी ६.१ कर्करोग सापडले, नेहमीच्या दुहेरी वाचनाने ५.१, आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. क्षयरोगाच्या चाळणीसाठी १५ वर्षं व त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेवर असं सॉफ्टवेअर वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. या दोन्हींत मोजमाप कशाशी होतं ते पाहा : एकीकडे पेशींच्या तपासणीने सिद्ध झालेला कर्करोग, दुसरीकडे प्रयोगशाळेत थुंकीत सापडलेले जंतू. माझ्यासारखीच्या रिपोर्टशी नव्हे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

लेबलं कुणी दिली, फिल्म पाहून की रिपोर्ट चाळून, किती जणांनी आणि त्यांच्यात मतभेद किती, हे निबंधाच्या सारांशातच छापा, परिशिष्टात नको. यंत्र शिकवायला रिपोर्टवरची लेबलं वापरली तर माझी हरकत नाही. पण ज्या फिल्म्सवर परीक्षा घ्यायची त्यांचं उत्तर बायोप्सी, शस्त्रक्रिया, सीटी किंवा पेशंटचं पुढे काय झालं यावरून ठरलेलं असावं. ते शक्यच नसेल तिथे किमान तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्र वाचन केलेलं असावं.

एकाच पेशंटच्या फिल्म शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे असतील, तर निबंध परत पाठवा. दुसऱ्या संस्थेतल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या फिल्म्सवर परीक्षा झालेली नसेल, तर शीर्षकात 'रेडिओलॉजिस्टच्या तोडीची' असे शब्द येऊ देऊ नका. रोगाच्या खऱ्या प्रमाणात खोट्या घंटा किती वाजतील, तो आकडा मागा. वय, लिंग, फिरतं यंत्र, नळ्या असलेले आणि नसलेले, यांचे निकाल वेगवेगळे मागा.

वैद्यकीय प्रतिमांवरच्या एआय-निबंधांसाठी क्लेम ही तपासयादी २०२० पासून आहे, एआयच्या रुग्णांवरील चाचण्यांसाठीची कॉन्सॉर्ट-एआयही त्याच वर्षीची. यादीवर खुणा करून घेणं आणि ती पाळली का हे पाहणं, यांतलं दुसरं काम परीक्षकाचं आहे. त्यासाठी प्रत्येक निबंधाच्या परीक्षकांत रोज फिल्म वाचणारी एक व्यक्ती असलीच पाहिजे. तुम्ही बोलावलंत तर मी येईन, माझ्या ओळखीचे आणखीही येतील.

डेटासेटला दुरुस्तीची वाट ठेवा. चूक दाखवणाऱ्याचं पत्र छापा, लेबल बदला, आवृत्तीला क्रमांक द्या आणि जुन्या आवृत्तीवर बेतलेल्या निबंधांखाली तशी नोंद करा. आणि फसलेले प्रयोगही छापा. दुसऱ्या रुग्णालयात घसरलेल्या प्रणालीची हकीकत मला चढत्या आकड्यांच्या दहा निबंधांपेक्षा उपयोगी आहे.

माझ्या त्या फिल्मचा क्रमांक आणि बायोप्सीचा तपशील मी पुन्हा पाठवायला तयार आहे. तो रकाना बदलायला एक मिनिट लागेल. हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी तो पुन्हा उघडून पाहिला. तिथे अजून 'काहीही आढळले नाही' असंच आहे.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट